मालमोटारीचा धंदा आणि शेतकऱ्यांचीं मुलें

शेतांत उभें असलेलें पीक गारांनीं झोडपलें म्हणजे तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि उशिरां कां होईना, सरकारांतून कांहींतरी मदत मिळते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असले पंचनामे आम्हीं शेंकड्यांनीं दप्तरीं लाविले आहेत. परंतु तेंच पीक काढून, निवडून, क्रेटांत भरून मोटारींत चढविल्यावर वाटेंत नासलें किंवा घाटांत उलथलें, तर पोलीस जो पंचनामा करितात तो अपघाताचा असतो. त्यावरून शेतकऱ्याच्या पदरीं कांहीं पडत नाहीं. शेतापासून पेठेपर्यंतचा हा जो मधला टप्पा, त्याकडे आपण शेतकरी लोक ‘तें मोटारवाल्याचें काम’ एवढ्याच दृष्टीनें पाहत आलों आहों. आमच्या मतें ही मोठी चूक आहे. ज्या माणसाच्या हातीं आपण वर्षाची मेहनत सोंपवितों, तो माणूस तयार करणें व तो नीट राखणें हें शेतकऱ्यांच्या संघांनीं आपलें काम मानिलें पाहिजे, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२०२१ सालच्या सप्टेंबर महिन्यांतली गोष्ट आहे. आमच्या गांवच्या तीन शेतकऱ्यांचे टोमॅटो एका मालमोटारींत मुंबईकडे निघाले होते. एकंदर सुमारें पांचशें क्रेट. त्यांत आमचेही ऐंशीं होते. तोडणीस उशीर झाला, भरण्यास त्याहून उशीर झाला, आणि रात्रीं नऊ वाजतां निघावयाची गाडी साडेअकराला निघाली. निघतांना आमच्यापैकीं एकानें ड्रायव्हरास बजावलें कीं, पहांटेच्या बाजाराला गाडी लागलीच पाहिजे, नाहींतर भाव गेला म्हणून समज. ड्रायव्हर एकवीस वर्षांचा होता व त्याच्याजवळ परवाना होता. आदल्या रात्रींही तो दुसऱ्या खेपेवर जागलेला होता हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं तें विचारण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. कसाऱ्याचा घाट उतरतांना डिझेल वांचविण्यासाठीं त्यानें गाडी न्यूट्रल केली, ब्रेकवर ब्रेक दाबीत तो उतरूं लागला, आणि अर्ध्या घाटांत ब्रेक लागेनासे झाले. गाडी डोंगराच्या बाजूस घांसून उलथली. ड्रायव्हराचा पाय मोडला. क्लीनर म्हणून बसलेला आमच्याच गांवचा सतरा वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवशीं इस्पितळांत वारला.

पुढें आठ दिवस गांवांत चर्चा चालली ती क्रेटांच्या भरपाईची. त्या चर्चेंत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. महिन्याभरानें त्या ड्रायव्हरास पाहावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, “भाऊसाहेब, घाट कसा उतरायचा हे मला कोणी शिकवलंच नाही. उस्ताद उतरायचे तसा मी उतरलो.” हें वाक्य आमच्या मनांतून अजून गेलेलें नाहीं.

त्यानें जें केलें तें चूक होतें, पण तें मूर्खपणाचें नव्हतें. त्यास तसेंच शिकविलें गेलें होतें. जाणते चालक सांगतात कीं, ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा. गाडी गिअरांत असली म्हणजे इंजिनच तिला मागें ओढून धरितें व ब्रेकास थोडेंच काम पडतें. न्यूट्रल केली कीं दहा टनांचा सगळा लोट ब्रेकांवर येतो. ते तापतात, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. हवेच्या ब्रेकाच्या गाडींत ब्रेक वरचेवर दाबल्यानें टांकींतील हवाही उतरत जाते. शिवाय ज्या डिझेलासाठीं हा खटाटोप करावयाचा, तें मुळीं वांचतच नाहीं. नव्या गाड्यांत इंधन सोडण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे असतें. गिअरांत राहून गाडी उतारावर आपल्या भारानें चालली असतां ती यंत्रणा इंधन बंद करिते, आणि न्यूट्रल केल्यास इंजिन चालू ठेवण्यापुरतें तें पुन्हां जळूं लागतें. एवढी गोष्ट समजावून सांगण्यास अर्धा तास पुरे. तो अर्धा तास त्या मुलाच्या वांट्यास कधीं आला नाहीं.

मालमोटारीचा धंदा आजवर बहुतेकांनीं उस्तादाच्या हाताखालीं शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. टायर ठोकून हवा पाहणें, ग्रीस भरणें, दोर आंवळणें, ताडपत्री बांधणें, मागें उभें राहून गाडी वळविण्यास हांक देणें, हीं कामें करी. चार-पांच वर्षांनीं उस्तादाची मर्जी झाली तर रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर चाक त्याच्या हातीं येई. या पद्धतींत पुष्कळ गुण होते. दोराची गांठ, टायराचा आवाज, पावसांतला रस्ता आणि भरलेल्या गाडीचा झोंक यांचें ज्ञान पुस्तकांतून येत नाहीं. पण उस्तादाचे गुण जसे चेल्यांत उतरत तसे दोषही उतरत. आणि लहान वयाचा मुलगा शाळेंतून काढून गाडीवर घालणें हा तर उघड अन्याय होता. आतां ही पद्धतही मोडत चालली आहे. खर्च वांचविण्यासाठीं अनेक मालक क्लीनर ठेवीत नाहींत. एकटाच माणूस गाडी नेतो व आणितो. जुनी शाळा बंद झाली आणि तिच्या जागीं नवी उभी राहिली नाहीं. लहान मोटारीवर कांहीं दिवस हात बसवून परवाना मिळविलेला मुलगा पुढें एके दिवशीं भरलेल्या मालमोटारीच्या चाकाशीं जाऊन बसतो, अशी आजची स्थिति आहे.

इकडे माणसांचा तुटवडा वाढत आहे. देशांत २२ लाख चालकांची उणीव आहे, असें केंद्रीय वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे. रस्ते मात्र वाढतच आहेत. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग २०२५ सालच्या जूनमध्यें शेवटपर्यंत खुला झाला. उत्तम रस्त्यावर न शिकलेला किंवा न झोंपलेला माणूस सोडला, तर रस्त्याच्या उत्तमपणानें संकट वाढतें. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांतलीं सगळींच मालमोटारीखालीं गेलीं असें नव्हे. परंतु हा आंकडा वाचून ज्याला आपल्या गांवची एखादी गोष्ट आठवणार नाहीं असा वाचक विरळा.

मुलें या धंद्यांत कां येत नाहींत, हें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. घरापासून पंधरा-पंधरा दिवस दूर राहावें, गाडींतच निजावें, बाजाराच्या आवारांत माल उतरण्याची वाट पाहत दिवस काढावा, आंघोळीस पाणी नाहीं, शौचास जागा नाहीं, हमालापासून शिपायापर्यंत जो तो अरे-तुरे करणार, आणि अपघात झाला कीं चूक कोणाची हें पाहण्याआधीं जमाव ड्रायव्हरावर हात टाकणार. नव्या न्यायसंहितेंतील अपघातानंतर पळून जाणाऱ्यास व्हावयाच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध १ जानेवारी २०२४ पासून देशभर चालकांनीं काम थांबविलें, तेव्हां दोनच दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या व बाजारसमित्यांची आवक-जावक अडखळली. वाहतूकदारांच्या संघटनेशीं विचारविनिमय केल्यावांचून ती तरतूद अमलांत आणणार नाहीं, असें सरकारनें सांगितल्यावर गाड्या पुन्हां सुरू झाल्या. त्या तरतुदीच्या योग्यायोग्यतेंत आम्ही येथें शिरत नाहीं. पण ज्याला आपण एरवीं कोणी समजत नाहीं, तो माणूस दोन दिवस थांबला तर आपला भाजीपाला कुजतो, एवढें तरी त्या वेळीं सर्वांस दिसून आलें. लग्नाच्या बाजारांतही तोच प्रकार आहे. मुलगा ड्रायव्हर आहे असें कळलें कीं सोयरीक मोडते, आणि मोडणारे आपणच असतों.

चालक घडवितां येतो, याचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या रस्त्यावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. तेव्हांपासून या संस्थेनें चालक निवडणें, त्याचे डोळे तपासणें, त्यास शिकविणें, गणवेश देणें, आगारांत निजण्यास जागा देणें आणि चुकल्यास पुन्हां शिक्षणास पाठविणें अशी रीत घालून दिली. एस. टी. चे दोष आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपांत खेड्यांतील विद्यार्थ्यांचे व रोग्यांचे जे हाल झाले ते आम्हीं पाहिले आहेत, आणि कामगारांची दुःखेंही ऐकिलीं आहेत. तरीही रात्रीं एस. टी. त बसून मनुष्य डोळे मिटतो, तो या रीतीच्या भरंवशावर. मालमोटारीच्या धंद्यांत तशी रीत बसली नाहीं, कारण तेथें एक-दोन गाड्यांचे मालक फार आणि मोठ्या संस्था थोड्या. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली होती. पण पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच तो लागू असल्यामुळें एका गाडीचा मालक त्यांतून सुटे. २०२५ च्या नोव्हेंबरांत तो कायदा नव्या श्रमसंहितेंत विलीन झाला. संहिता कितीही चांगली असली, तरी आमच्या गांवांतून रात्रीं साडेअकराला निघणाऱ्या गाडीपाशीं तपासनीस येऊन उभा राहील ही आशा व्यर्थ आहे. तेथें उभे असतों ते आपण.

हा धंदा आतां पूर्वीसारखा अडाण्याचाही राहिला नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा या प्रतीच्या गाड्याच विकल्या जातात. अशा बहुतेक मालमोटारींना डिझेलाबरोबर धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचें एक द्रावण लागतें. शुद्ध पाण्यांत साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया असें त्याचें प्रमाण असतें. कांहीं ठिकाणीं शेताच्या पोत्यांतला युरिया पाण्यांत कालवून तो टांकींत ओतण्याचा उद्योग चालतो. आपल्या पोत्यांतल्या युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यानें व पाण्यांतील क्षारांनीं धूर शुद्ध करणारें यंत्र बिघडतें व दुरुस्तीचा खर्च मोठा येतो, शिवाय शेतकऱ्याच्या अनुदानाचें खत धुरांत जातें. बिघाड शोधण्यास आतां हातोडीबरोबर संगणकाची तार जोडावी लागते. ज्यास हें येतें असा कारागीर तालुक्याच्या गांवींही सहजासहजीं सांपडत नाहीं.

मालाचें ज्ञानही असेंच आहे. कांदा भरून वर ताडपत्री गच्च आंवळली कीं आंत ऊब धरते, पाणी सुटतें, आणि दूरच्या पेठेंत पोंचेपर्यंत पोत्यांतून वास येऊं लागतो. हवा खेळती ठेवून पाऊस मात्र आंत येऊं न देणें ही कला आहे. द्राक्षें शीतगाडींत घालतांना पुष्कळांची समजूत असते कीं गाडी तीं थंड करील. शीतगाडी ही थंड माल थंड राखण्यासाठीं केलेली असते. उन्हांतून तोडलेला ऊन माल आधीं शीतगृहांत थंड केल्यावांचून तींत भरला तर सबंध गाडी बिघडते. खोकीं भिंतीस व छतास टेंकवून हवेची वाट बंद केली तरी तोच परिणाम. रेल्वेनें माल पाठवावयाचा म्हटलें तरी जाणतीं माणसें लागतातच. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली, तेव्हां स्थानकापर्यंत माल वेळेवर आणणें, तो निवडून डब्यांत रचणें व पावत्या नीट करणें हें सर्व माणसांनींच केलें. गाडी हांकणारा, ती दुरुस्त करणारा, माल रचणारा आणि हिशेब ठेवणारा, असे चारही लोक शेतमालाच्या वाहतुकीस हवेत; आणि शेतमाल म्हणजे काय हें ज्यास लहानपणापासून ठाऊक आहे असा शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी या कामास जितकी लायक, तितकें दुसरें कोण असणार?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें हलक्या मोटारीचा परवाना अठराव्या वर्षीं मिळतो. वाहतुकीच्या गाडीचा परवाना विसाव्या वर्षाच्या आंत मिळत नाहीं. आणि जड मालमोटारीचा शिकाऊ परवाना मागणाऱ्याजवळ हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष असावा लागतो. आठवी इयत्ता पास असल्याची जी अट पूर्वी होती ती २०१९ सालीं काढण्यांत आली. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त शिक्षणकेंद्रांची योजना आली असून त्यांत जड गाडीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरविला आहे. येथें आमच्या कारकुनी नजरेस एक गोष्ट दिसते. दहावी होऊन मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होतो. अठराव्या वर्षीं त्यास हलका परवाना मिळतो. आणि विसाव्या वर्षापर्यंत जड गाडीला तो हात लावूं शकत नाहीं. या मधल्या काळांत तो काय करितो? चुलत्याच्या ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून, मागें दिवा नाहीं अशा स्थितींत रात्रीं कारखान्यावर नेतो. किंवा परवान्यावांचून चोरून मालमोटार हांकतो. किंवा पारावर बसून मोबाइल पाहतो. याच काळांत आपल्या तालुक्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा व डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक यांचा एकेक वर्षाचा वर्ग चालू असतो. कायद्यानें राहिलेली ही पोकळी या वर्गानें नेमकी भरून निघते. मुलगा दहावीनंतर दोन वर्षें यंत्र शिकेल, त्यानंतर एखाद्या आगारांत किंवा कारखान्यांत रीतसर उमेदवारी करील, तेवढ्यांत हलक्या परवान्यावर संघाची छोटी गाडी गांवांतल्या गांवांत चालवील, आणि विसाव्या वर्षीं त्या ३८ तासांच्या वर्गास बसेल. असा मुलगा घाटांत गाडी न्यूट्रल करणार नाहीं, कारण ब्रेक कां तापतो हें त्यानें तो स्वतः उघडून पाहिलेलें असेल.

यावर कांहीं आक्षेप येतील. पहिला असा कीं, यानें शेतकऱ्याचीं मुलें शेती सोडतील. शेतीच्या गणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत दर खातेदारामागें सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर राहिली. वारसाच्या नोंदी करतां करतां हें तुकडे पडणें आम्हीं स्वतःच्या हातांनीं लिहिलें आहे. एवढ्याशा जमिनीवर दोन भावांचीं कुटुंबें जगत नाहींत. एक भाऊ कोठें तरी जाणारच. तो शहरांत दारावर पहारा करण्यास जाण्यापेक्षां आपल्याच मालाच्या वाहतुकींत राहिला तर शेतीस दुरावला असें होत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, उद्यां माणसावांचून चालणाऱ्या गाड्या येतील. येतील तेव्हां येवोत. आषाढांतल्या चिखलांत बांधाच्या कडेनें उभी असलेली गाडी भरून ती पाणंदीतून बाहेर काढणारें यंत्र येण्यापूर्वी आपलीं नातवंडें मोठीं होतील; आणि तसें यंत्र आलेंच, तर तें दुरुस्त करणाराही लागेलच. तिसरा आक्षेप असा कीं, हें सरकारचें काम. सरकारनें वर्ग काढावे, कायदे करावे हें खरें, आणि कांहीं केलेंही आहे. २०२५ सालापासून नव्या जड मालमोटारींत ड्रायव्हराचा कक्ष वातानुकूलित असावा असाही नियम झाला. परंतु माल भरतांना ‘आणखी वीस पोतीं घे’ म्हणणारा सरकार नसतो. जादा वजनास २०१९ पासून वीस हजार रुपये दंड व वरच्या दर टनास दोन हजार अशी शिक्षा आहे, तरी तें वजन चढतेंच, कारण तें आपण चढवितों.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. संघानें दर वर्षीं आपल्या हद्दींतील दहावी झालेलीं कांहीं मुलें निवडावीं. त्यांच्या औद्योगिक शिक्षणाचा व पुढें जड परवान्याच्या वर्गाचा खर्च बिनव्याजी उसना द्यावा, आणि ते भाड्याच्या कमाईंतून हप्त्यानें फेडून घ्यावा. मुलींस यांतून वगळूं नये; एस. टी. च्या गाड्या आतां महिलाही चालवितात, मग संघाची गाडी चालविण्यास हरकत कसली? दुसरें, जेथें माल गोळा होतो तेथें ड्रायव्हरांसाठीं एक खोली, दोन बाजा, पाणी व शौचकूप एवढी सोय करावी. एका हंगामांत नासणाऱ्या मालाच्या किंमतीपुढें हा खर्च फारसा नाहीं. तिसरें, गाडी भरण्यापूर्वी एक नोंदवही भरावी. तिचे रकाने चारच असावे: ड्रायव्हर मागच्या खेपेहून केव्हां आला व किती निजला, गाडीचें वजन किती, ब्रेक, टायर व मागचे दिवे पाहिले कीं नाहीं, आणि गाडी केव्हां निघाली. सहा तास न निजलेल्या माणसाच्या हातीं गाडी देऊं नये. चौथें, ठरलेल्या वेळीं माल भरून झाला नाहीं तर उशीर आपला समजावा. गाडी सावकाश जाऊं द्यावी, आणि त्यामुळें भाव उतरला तर तें नुकसान माल भरणाऱ्या सर्वांनीं वांटून घ्यावें.

शेवटची सूचना बोलण्यास सोपी व पाळण्यास कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों. आमच्या गांवीं गेल्या हंगामापासून अशी नोंदवही सुरू केली. पहिल्याच महिन्यांत दोनदां गाडी थांबवावी लागली. एकदां कांहीं बिघडलें नाहीं. दुसऱ्या वेळीं भाव खरोखरच पडला आणि माल घालणाऱ्या पांच जणांस क्रेटामागें तोटा आला. त्या पांच जणांनीं आम्हांस जें सुनावलें तें येथें छापण्यासारखें नाहीं, व त्यांपैकीं दोघे आतां आपला माल वेगळ्या गाडीनें नेतात. त्यांचा राग आम्हांस समजतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला एका दिवसाचा भावही फार असतो. म्हणूनच ही गोष्ट एकट्यादुकट्यानें करण्याची नाहीं. तोटा वांटून घेणारा संघ मागें असल्याशिवाय ती टिकणार नाहीं.

घाटांत जो मुलगा गेला, त्याचा धाकटा भाऊ यंदा दहावी पास झाला. त्यास यंत्राची आवड आहे. गेल्या महिन्यांत त्याचे वडील आमच्याकडे आले व म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही पोरांना मोटारीचं शिकवा म्हणता. माझा एक याच धंद्यात गेला. दुसऱ्याला घालू का?” आम्हीं त्यांस लगेच उत्तर दिलें नाहीं. विचार करून दुसऱ्या दिवशीं सांगितलें कीं, घाला. पण तो शिकून आल्यावर त्यास रात्रीं साडेअकराला न निजलेला गाडीवर बसविणार नाहीं, अशी हमी आधीं गांवाकडून घ्या. ते म्हणाले, “ती हमी देणार कोण?”

संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें वरील चारही सूचना ठरावाच्या रूपानें ठेवण्याचा आमचा विचार आहे. त्या ठरावास जे सभासद अनुकूल असतील त्यांनीं सभेस अवश्य हजर राहावें, आणि जे प्रतिकूल असतील त्यांनींही यावें, व त्या गृहस्थाच्या प्रश्नास काय उत्तर द्यावें तें सांगावें, अशी आमची विनंति आहे.